गाडी आपली, फेरी दुसऱ्याची

मराठीत 'हुंडेकरी' असा एक जुना शब्द आहे. आज तो आपल्याला बहुधा आडनाव म्हणूनच भेटतो. पण शब्दाचा मूळ अर्थ पाहावा तर तो मोठा बोलका आहे. मालाची ने-आण एकठोक रकमेने अंगावर घेणारा तो हुंडेकरी. वाटेवरची जकात, नाक्यावरची पट्टी, जनावरांचे भाडे, माणसांची मजुरी हे सारे त्या एका रकमेत आले. व्यापाऱ्याने पैसे मोजावेत आणि माल मुक्कामी पोचण्याची वाट पाहावी. मधली यातायात हुंडेकऱ्याची. वाहतुकीचा मोबदला आणि वाहतुकीची जोखीम या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे जुन्या व्यवहाराला किती स्वच्छ कळले होते, याची साक्ष हा एकच शब्द देतो.

हा शब्द आज आठवायचे कारण असे. आपल्या दारात रोज कुणी ना कुणी काही तरी आणून देतो. कधी जेवण, कधी औषध, कधी पुस्तक, तर कधी नुसती कोथिंबिरीची जुडी. आणणाऱ्याच्या पाठीवर कंपनीची रंगीत पिशवी असते, अंगात कंपनीचा सदरा असतो; पण खालची दुचाकी मात्र त्याची स्वतःची असते. पेट्रोल त्याचे, टायर त्याचे, कर्जाचा हप्ता त्याचा आणि विमाही त्याचाच. आता प्रश्न असा की, या फेरीत अपघात झाला तर तो विमा त्याच्या उपयोगी पडतो का? पुष्कळांची समजूत अशी की, विमा आहे म्हणजे झाले. वस्तुतः तसे नाही. ते का नाही, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

विम्याची कंपनी पश्चिमेकडून आली असली, तरी विम्यामागची कल्पना आपल्याला परकी नव्हती. याज्ञवल्क्यस्मृतीत कर्जाच्या व्याजाचे नियम दिले आहेत. तेथे अरण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्याने शेकडा १० आणि समुद्रावर जाणाऱ्याने शेकडा २० व्याज द्यावे, असे सांगितले आहे. घरी बसून धंदा करणाऱ्यापेक्षा हा दर पुष्कळ चढा. का बरे? कारण उघड आहे. माल बुडाला किंवा लुटला गेला, तर सावकाराचे पैसेही बुडण्याची भीती. त्या भीतीची किंमत व्याजात मिळवलेली होती. वाट जितकी बिकट तितका दर मोठा, हे विम्याचे पहिले सूत्र येथे अगदी उघड दिसते.

पुढे पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारात 'जोखमी हुंडी' प्रचारात आली. साधी हुंडी मुदत भरली की चुकवावी लागते. जोखमी हुंडीचे तसे नव्हते. जहाजावर चढवलेला माल सुखरूप बंदरात पोचला तरच ती चुकवायची. माल वाटेत नष्ट झाला तर हुंडीचे देणेही संपले. म्हणजे एकाच कागदात कर्जही होते आणि विमाही होता. फारसीतून आलेला 'विमा' हा शब्दसुद्धा इंग्रजी कंपन्यांनी येथे रुजवला असे नव्हे. सराफ आणि सावकार तो त्यांच्या आधीपासून वापरीत होते.

इंग्रजी अमलात हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत आली. इंग्लंडात १७८५ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी एका प्रसिद्ध निकालात म्हटले होते की, भाड्याने माल वाहणारा हा एका परीने त्या मालाचा विमा उतरवणाराच होय. तेच तत्त्व हिंदुस्थानात १८६५ च्या वाहतूकदारांच्या कायद्यात उतरले. माल हरवला वा खराब झाला, तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार मालकावर नव्हता. मौल्यवान जिनसांच्या बाबतीत मात्र, १०० रुपयांवरचा माल असेल तर मालकाने तो आधी सांगावा आणि वाहतूकदाराने त्याबद्दल जादा आकार घ्यावा, अशी सोय होती. हा कायदा फार दीर्घायुषी ठरला. त्याची जागा घेणारा रस्ता-वाहतुकीचा नवा कायदा २००७ साली झाला.

येथवरचा सारा विचार मालाचा झाला. रस्त्यावरून चालणाऱ्या तिऱ्हाईत माणसाचे काय, हा प्रश्न बैलगाडीच्या काळात फारसा उठत नव्हता. तो मोटारीने उठवला. मोटार वेगाने धावते, वजनाने भारी असते, आणि तिच्याखाली सापडणारा माणूस पुष्कळदा गरीब असतो. त्याला न्यायालयाने भरपाई दिली, तरी मोटारवाल्यापाशी पैसेच नसले तर तो निकाल घेऊन त्याने करायचे काय? म्हणून सक्तीच्या विम्याची कल्पना निघाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स संस्थानाने १९२७ पासून ती अमलात आणली. ब्रिटनने १९३० च्या रस्ता-वाहतूक कायद्याने तोच मार्ग धरला. आपल्याकडे १९३९ साली मोटार वाहन कायदा झाला. पण त्यातले विम्याचे प्रकरण महायुद्ध संपल्यानंतर, १ जुलै १९४६ पासून अमलात आले.

या प्रकरणातली एक खुबी वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. विमा हा एरवी दोघांमधला करार असतो. करार मोडला तर कंपनी हात वर करू शकते. पण येथे कायद्याने तिसऱ्याचे, म्हणजे रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाचे हित पाहिले. कंपनीने त्याच्यापुढे कोणकोणत्या सबबी सांगाव्यात, याची यादीच कायद्यात बांधून दिली. या यादीबाहेरची सबब कंपनीला सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली कॅप्टन इतबार सिंग यांच्या खटल्यात स्पष्ट केले. त्या वेळेपुरता हा गरिबाचा मोठाच विजय होता.

पण त्या यादीत एक सबब अशी होती की, ती आज आपल्या डिलिव्हरीवाल्याच्या पायात अडकते. भाड्याने चालवण्याचा परवाना नसलेली गाडी भाड्याने चालवू नये, अशी अट विमापत्रात घालता येईल आणि ती मोडली तर कंपनीला बचाव घेता येईल, असे कायदा म्हणतो. १९३९ च्या कायद्यात हे होते, १९८८ च्या कायद्यात होते, आणि २०१९ साली तो कायदा दुरुस्त झाला तेव्हाही ते तसेच राहिले. यामागचा विचार त्या काळाला धरूनच होता. गाड्या दोन जातीच्या असतात, असे कायदा मानून चालला होता. पांढऱ्या पाटीची गाडी घरची. ती मालकाला कचेरीत नेते, मुलांना शाळेत सोडते, सणावारी गावाला जाते. पिवळ्या पाटीची गाडी धंद्याची. ती दिवसभर रस्त्यावर असते, म्हणून तिला अपघाताचा संभव जास्त आणि तिचा हप्ताही जास्त. याज्ञवल्क्याच्या अरण्यवाटेचाच हा न्याय, दुसरे काय!

आपण आपल्या दुचाकीचे किंवा मोटारीचे विमापत्र काढून पाहावे. पुष्कळांनी ते कधी वाचलेलेच नसते. त्यात 'वापराच्या मर्यादा' असे एक लहानसे कलम असते. त्याचा आशय असा: ही गाडी कोणत्याही कामासाठी वापरावी, मात्र भाड्याने वा मोबदल्याने चालवण्यासाठी नव्हे, नमुने आणि अंगाबरोबरचे सामान सोडून इतर मालाच्या वाहतुकीसाठी नव्हे, आणि शर्यतीसाठी नव्हे. चार ओळींचे कलम. पण पाठीवर दुसऱ्याचे जेवण घेऊन निघालेला मुलगा पहिल्याच फेरीला या ओळींच्या बाहेर पडतो, आणि बहुधा त्याला त्याचा पत्ताही नसतो.

कायद्याची गंमत पाहा. १९८८ च्या कायद्यातली 'मालवाहू वाहना'ची व्याख्या अशी आहे की, मुळात मालासाठी न बांधलेली गाडीसुद्धा, माल वाहण्यासाठी वापरली जात असताना, मालवाहू ठरते. उलट, ज्याचे एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नाही अशा मालवाहू वाहनाला परवान्याची गरज नाही, असेही तोच कायदा म्हणतो. म्हणजे व्याख्येप्रमाणे आपल्या मुलाची दुचाकी माल वाहताना धंद्याची झाली, परवान्याच्या कलमाप्रमाणे तिला परवाना नको, आणि विमापत्राप्रमाणे तर हा वापरच वर्ज्य. तीन कागद, तिघांची तोंडे तीन दिशांना. वकिलांना वाद घालायला येथे भरपूर जागा आहे. पण ज्याचा पाय मोडला आहे त्याला वाद नको असतो, पैसे हवे असतात.

आता नुकसान कुणाकुणाचे होते ते वेगवेगळे पाहू या, कारण सगळ्यांना एकच न्याय लागत नाही.

पहिला तिऱ्हाईत. वाटसरूला धक्का बसला, तो जखमी झाला वा दगावला. येथे कायद्याचे आणि न्यायालयांचे लक्ष त्याच्याकडे आहे. कंपनीने शर्तभंगाची सबब सांगितली, तर न्यायालय कधी ती पूर्ण मान्य करते. पण पुष्कळदा 'आधी भरपाई द्या, मग गाडीमालकाकडून वसूल करा' असा आदेश देते. वाहन चालवण्याच्या परवान्याबाबत २००४ साली स्वर्ण सिंग यांच्या खटल्यात, आणि वाहतुकीच्या परवान्याबाबत २०१८ साली अमृत पाल सिंग यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने हीच वाट चोखाळली. जखमी माणसाला पैसे मिळाले, हे उत्तम झाले. पण 'मग वसूल करा' या तीन शब्दांत दुचाकीवाल्याचे काय होते, याचा आपण विचार करीत नाही. लाखो रुपयांची ती रक्कम त्याच्या नावे निघते. ज्याची मिळकत फेरीवर मोजली जाते, त्याने ती कोठून भरायची?

दुसरी त्याची गाडी. तिच्या नुकसानीला सक्तीच्या विम्याचे छत्र नाही. तेथे निव्वळ कराराचे राज्य. गाडी भाड्याच्या कामावर होती असे दिसले, की कंपनी दावा नाकारते. तरी न्यायालयाने येथेही काही तारतम्य दाखवले आहे. खाजगी म्हणून विमा उतरवलेली एक गाडी भाड्याने चालवली जात असताना चोरीला गेली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, चोरीचा आणि वापराचा संबंध नाही, तेव्हा दाव्याचे शेकडा ७५ तरी द्यावेत. २०१० साली अमलेंदू साहू यांच्या खटल्यात तर गाडी भाड्याने असताना अपघातच झाला होता. तेथेही कंपनीला पूर्ण हात झटकू न देता अडीच लाख रुपये द्यायला लावले. पण हे निकाल मिळाले ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढत गेल्यावर. एका दुचाकीसाठी तेथवर कोण जाणार?

तिसरा तो स्वतः. आणि सर्वांत मोठी गफलत येथेच आहे. सक्तीचा विमा 'तिऱ्हाइता'साठी असतो. गाडीचा मालक आपल्याच गाडीच्या बाबतीत तिऱ्हाईत होऊ शकत नाही. त्याच्यासाठी वेगळे वैयक्तिक अपघात-संरक्षण असते. २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये करण्यात आली आहे. पण ते मुख्यतः मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी. तीन महिने प्लास्टरमध्ये पडून राहिलेल्याच्या इस्पितळाचे बिल आणि बुडालेली मजुरी त्यातून भरून निघत नाही. कारखान्यातला कामगार जखमी झाला तर त्याच्यासाठी १९२३ पासून कामगार-भरपाईचा कायदा होता. मालट्रकच्या पगारी ड्रायव्हरची जोखीम तर सक्तीच्या विम्यातच धरलेली आहे. आपला डिलिव्हरीवाला मात्र या दोघांच्या मधल्या फटीत पडतो. कंपनी म्हणते, हा आमचा नोकर नव्हे, भागीदार आहे; विमा कंपनी म्हणते, हा नुसता गाडीमालक नव्हे, हा तर धंदा करतो. दोघांचेही म्हणणे कागदावर बिनचूक, आणि मधला माणूस उघड्यावर.

हा पेच काही आपल्याच देशात पडला असे नाही. अमेरिकेत तो आधी पिझ्झाच्या निमित्ताने दिसला. डॉमिनोज या कंपनीची ३० मिनिटांत पिझ्झा पोचवण्याची हमी होती. पोचवणारी मुले बहुधा स्वतःच्याच मोटारी वापरीत. १९८९ साली सेंट लुईस येथे अशा एका मोटारीने तांबडा दिवा ओलांडून एका स्त्रीला जखमी केले. डिसेंबर १९९३ मध्ये ज्यूरीने कंपनीविरुद्ध जवळजवळ ७ कोटी ९० लाख डॉलरचा निवाडा दिला, आणि त्याच महिन्यात कंपनीने ती हमी मागे घेतली. ज्यूरीच्या निवाड्याचा रोख कोणीकडे होता पाहा. मोटार मुलाची होती; पण घाई कंपनीची होती.

पुढे मोबाइलवरून गाड्या बोलावण्याचे युग आले. ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत सहा वर्षांची एक मुलगी अशा एका मोटारीखाली सापडून मरण पावली. त्या क्षणी गाडीत उतारू नव्हता. चालक पुढच्या फेरीची वाट पाहत होता. मग तो कामावर होता की नव्हता? या एका प्रश्नावर सारे अडले. त्यावर कॅलिफोर्निया संस्थानाने २०१४ साली कायदा केला आणि जुलै २०१५ पासून तो लागू झाला. त्याने चालकाच्या वेळेचे तीन भाग पाडले: फेरीची वाट पाहण्याचा, बोलावणे स्वीकारून निघाल्याचा आणि उतारू गाडीत असल्याचा. पहिल्या भागाला कमी आणि पुढच्या दोन्हींना १० लाख डॉलरचे संरक्षण सक्तीचे केले. माल पोचवणाऱ्यांच्या फेऱ्यांनाही १० लाख डॉलरच्या विम्याची तरतूद २०२० च्या जनमताने तेथे झाली. मात्र त्याच जनमताने या चालकांना नोकर न मानता स्वतंत्र व्यावसायिक ठरवले, आणि २०२४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. म्हणजे विमा मिळाला, पण नोकरीचे हक्क गेले. सौदा बरा की वाईट, यावर तेथे अजून वाद चालतो.

लंडनमध्ये २०१६ पासून दुसराच उपाय निघाला. दुचाकीवर जेवण पोचवणाऱ्यांना तासाच्या हिशोबाने विमा मिळू लागला. जितके तास काम, तितक्या तासांचाच धंद्याचा हप्ता. उरलेला वेळ गाडी घरची. एक गाडी, एक वापर, एक हप्ता ही शंभर वर्षांची समजूत येथे पहिल्यांदा नीट मोडली.

आपल्याकडे काय झाले? नीती आयोगाने २०२२ साली असा अंदाज दिला की, २०२०-२१ मध्ये देशात अशी कामे करणारे ७७ लाख लोक होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कामकऱ्यांची प्रथमच कायद्यात नावानिशी नोंद घेतली. मध्यस्थ कंपन्यांनी उलाढालीच्या शेकडा १ ते २ इतकी वर्गणी त्यांच्या कल्याणनिधीत भरावी, असे तिच्यात आहे. ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. राजस्थानने त्याआधी, २०२३ साली, स्वतंत्र कायदा केला. ही पावले स्वागतार्हच आहेत. पण कल्याणनिधी वेगळा आणि गाडीचा विमा वेगळा, हे विसरून चालणार नाही. निधीतून माणसाला हात मिळेल. पण विमापत्रातले ते चार ओळींचे कलम निधीने पुसले जात नाही. तसेच, २०२२ पासून जितके किलोमीटर चालवाल तितका हप्ता, अशा जोड-विम्याला आपल्याकडे परवानगी मिळाली आहे. पण किलोमीटर मोजणे निराळे आणि फेरी कुणाच्या कामाची होती हे मोजणे निराळे.

तोवर ज्याच्या घरी असा कमावता मुलगा असेल त्याने काय करावे? एक, विमापत्र काढून वापराच्या मर्यादांचे कलम वाचावे. दोन, गाडीचा खरा वापर विमा कंपनीला लेखी कळवावा आणि लेखीच उत्तर घ्यावे. एजंटच्या तोंडी 'चालतं हो' या शब्दाला दाव्याच्या दिवशी किंमत नसते. तीन, ज्या कंपनीचे काम करतो ती अपघाताचे काय संरक्षण देते, ते फेरीवर असतानाच लागू की वाट पाहतानाही, हे विचारून ठेवावे. मात्र हे सारे मुलाच्या शहाणपणावर सोडून द्यावे, असे मला वाटत नाही. ज्याच्यापाशी सौदा करण्याची ताकद सर्वांत कमी, त्यानेच कायद्याचे सर्वांत बारीक कलम वाचावे, ही व्यवस्था न्यायाची नव्हे.

इतिहासाने येथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे. स्मृतिकारांनी जोखमीची किंमत व्याजात घातली, सराफांनी ती हुंडीत घातली, हुंडेकऱ्याने ती एकठोक भाड्यात धरली, १८६५ च्या कायद्याने ती वाहतूकदारावर ठेवली. प्रत्येक वेळी जोखीम ही वाहतुकीच्या दामाचाच भाग होती. आजच्या फेरीत मात्र दाम कंपनी ठरवते, सवलत गिऱ्हाइकाला मिळते, आणि जोखीम तेवढी दुचाकीवाल्याच्या पदरात राहते. 'पोचवण्याचा आकार काही नाही' असे आपण वाचतो तेव्हा तो आकार कुणीच भरत नसतो असे नव्हे. तो कुणी तरी भरतच असतो. फक्त त्याच्या पावतीवर आपले नाव नसते.